तिथी बघून होडी

मनवेलपाडा विरारच्या पूर्वेला, समुद्रापासून आत. तरी आमच्या ताटातला बोंबील अर्नाळ्याच्या दर्याचा. कोळणीची पाटी दारात आली नाही की घरात म्हणायचे, "आज वारा फिरला असणार."

अर्नाळ्याचा किल्ला वैतरणेच्या मुखाशी बेटावर आहे. १७३७ मध्ये पेशव्यांनी तो घेतला आणि पुन्हा बांधला. बेटावर कोळ्यांची वस्ती आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं जाणंयेणं होडीनं. अंतर थोडं, पण जागा फसवी. ओहोटीला नदीचं पाणी बाहेर धावतं, पश्चिमेचा वारा त्याला सामोरा येतो आणि उथळ वाळूवर लाटा उभ्या राहून फुटतात. भरतीला ओघ आणि वारा एकाच दिशेनं आले की तेच पाणी नरम पडतं.

म्हणून जुने तांडेल आधी तिथी मोजायचे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अदमासे निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग.

पाण्यात उतरल्यावर नियम थोडेच. नाळ लाटेला समोर ठेवायची. होडी आडवी लागली की उलटली. बाहेर पडताना मोठ्या लाटा जाऊ द्यायच्या, मग जोर लावायचा. परतताना लाटेच्या पाठीवर राहायचं. तिच्यापुढे धावलात तर नाळ पाण्यात घुसते आणि होडी गर्रकन फिरते. माणसं खाली बसलेली, ओझं मधोमध, पाणी उपसायला डबा हाताशी.

मोठ्या बोटीलाही दर्या सूट देत नाही. आमच्याच नदीचं नाव असलेली 'वैतरणा' आगबोट नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली आणि वादळात ७०० हून अधिक माणसांसह नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला 'वीजळी' म्हणत.

पूर्वी नारळीपौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असत. आता इंजिनं आली, तसं थांबणं कमी झालं. पण फुटत्या लाटांत इंजिन बंद पडलं तर होडी आडवीच होते, म्हणून वल्ही आजही सोबत हवीत.

मासेमारीला थांबता येतं. बेटावरून दवाखान्याला निघालेल्या बाळंतिणीला भरतीची वाट बघता येत नाही. तिच्यासाठी जाणता तांडेल हवा, अंगात जीवरक्षक जाकीट हवं आणि उतरायला पक्का धक्का हवा.