तेलकट लेनसाठी चेंडूची निवड : आधी पृष्ठभाग, मग गाभा

टेनपिन बॉलिंगच्या लेनवर तेलाचा अत्यंत पातळ थर दिलेला असतो. मॉलमधील केंद्रात मौजेखातर खेळणाऱ्याला तो क्वचितच जाणवतो. स्पर्धेत उतरणाऱ्याची गुणसंख्या मात्र बऱ्याच अंशी या थरावर अवलंबून असते. तेल जितके अधिक, तितका चेंडू अधिक घसरतो आणि पिनांकडे उशिरा वळतो. अशा लेनसाठी चेंडू घेताना नवोदित खेळाडू प्रामुख्याने किंमत आणि गाभ्याची रचना पाहतात. वास्तविक तेलाशी प्रत्यक्ष संबंध येतो तो चेंडूच्या बाह्य आवरणाचा. म्हणून निवडीचा आरंभही तेथूनच व्हावा लागतो.

तेलाचे प्रमाण आणि लांबी

फाउल रेषेपासून पहिल्या पिनपर्यंतचे अंतर ६० फूट असते. सुमारे साडेएकेचाळीस इंच रुंदीची लेन ३९ फळ्यांत विभागलेली मानली जाते. चेंडूच्या घर्षणापासून लेनचे रक्षण करणे हा तेलाचा मूळ हेतू होता. आज तेलाच्या मांडणीवरून लेनची काठिण्यपातळी ठरते. यंत्राद्वारे दिले जाणारे हे तेल सामान्यतः पहिल्या ४० फुटांच्या आसपास पसरते आणि पुढील भाग कोरडा राहतो. नेहमीच्या लेनवर साधारण २० ते २५ मिलीलिटर तेल असते. ३० मिलीलिटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक तेल असल्यास लेन ‘भारी’ समजली जाते.

प्रमाणाइतकीच तेलाची लांबीही महत्त्वाची आहे. अमेरिकेतील व्यावसायिक बॉलिंगमधील ‘बॅजर’ ही मांडणी ५२ फुटांची आहे. तिच्यावर चेंडूला वळण्यासाठी जेमतेम ८ फूट कोरडी जागा मिळते. तेलाच्या लांबीतून ३१ वजा केल्यास तेल संपताना चेंडू कडेपासून कितव्या फळीवर असावा, याचा ढोबळ अंदाज येतो. तेल ४१ फूट असेल तर दहावी फळी, ४५ फूट असेल तर चौदावी. म्हणजेच तेल जितके लांब, तितका चेंडू लेनच्या मध्याजवळ ठेवावा लागतो.

वळण कशासाठी?

तेलावरील घर्षणाचा गुणांक सुमारे ०.०४, तर कोरड्या भागावर सुमारे ०.२० धरला जातो. या पाचपट फरकामुळेच चेंडू आधी घसरतो, मग वळतो आणि अखेरीस सरळ लोळू लागतो. अमेरिकेतील नियामक संस्था ‘युनायटेड स्टेट्स बॉलिंग काँग्रेस’च्या अभ्यासानुसार स्ट्राइकची शक्यता वाढवण्यासाठी चेंडूने पिनांमध्ये सुमारे ६ अंशांच्या कोनात शिरणे इष्ट असते. अगदी कडेवरून सरळ टाकलेला चेंडू दोन अंशांपर्यंतही पोहोचत नाही. भारी तेलावर चेंडू वळलाच नाही, तर अचूक नेमही पुरेसा ठरत नाही.

आवरणाचे प्रकार

केंद्रात भाड्याने मिळणारे बहुतेक चेंडू पॉलिएस्टरचे असतात. ते तेलावर जवळजवळ सरळ जातात. त्यामुळे उरलेली एखादी पिन पाडण्यास ते उत्तम, परंतु वळणासाठी निरुपयोगी ठरतात. १९८०च्या दशकात युरेथेन आणि १९९०च्या दशकाच्या आरंभी रिअॅक्टिव्ह रेझिन प्रचारात आले. युरेथेनचे वळण संथ आणि एकसारखे असते; मात्र भरपूर तेलावर तेही घसरते. रिअॅक्टिव्ह रेझिनच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म छिद्रे तेल शोषून घेतात आणि त्यामुळे चेंडूला पकड मिळते. भारी तेलासाठी हाच प्रकार योग्य होय.

रिअॅक्टिव्हमध्ये सॉलिड, पर्ल आणि दोहोंचे मिश्रण असलेला हायब्रिड असे तीन प्रकार आहेत. पर्ल आवरण अधिक काळ घसरते आणि कोरड्या भागात तीव्रतेने वळते. सॉलिड आवरण लवकर पकड घेते. भारी तेलावर सॉलिडला पसंती द्यावी, हायब्रिड हा दुसरा पर्याय समजावा.

खरखरीतपणा आणि गाभा

आवरण योग्य असूनही त्यावर चकाकी असेल, तर त्याचा लाभ मिळत नाही. चेंडूचा पृष्ठभाग घासण्याच्या पॅडवर क्रमांक असतो. क्रमांक जितका लहान, तितका पृष्ठभाग खरखरीत. भारी तेलासाठी ५०० ते २००० या टप्प्यातील पृष्ठभाग उपयुक्त ठरतो. ४००० आणि त्यावर पॉलिश केलेला चेंडू कमी तेलासाठी ठेवावा. खेळता खेळता खरखरीतपणा झिजून पृष्ठभाग गुळगुळीत होतो, त्यामुळे ही प्रक्रिया वेळोवेळी करावी लागते. स्पर्धेचे खेळ सुरू झाल्यावर पृष्ठभाग घासण्यास नियमांनी मनाई असल्याने हे काम आधीच उरकावे लागते.

गाभ्याचा विचार त्यानंतर येतो. चेंडूचे वस्तुमान केंद्राजवळ एकवटलेले असेल, तर तो लवकर फिरू लागतो. हे मोजणारी ‘आरजी’ ही संख्या भारी तेलासाठी कमी असावी. ‘डिफरन्शियल’ ही दुसरी संख्या अधिक असावी. नियमानुसार तिची कमाल मर्यादा ०.०६० आहे. ती अधिक असल्यास प्रत्येक फेऱ्यात चेंडूचा तेल न लागलेला नवा भाग लेनला टेकतो. परत आलेल्या चेंडूवर दिसणारी तेलाची वेगवेगळी वलये ही त्याची खूण. हा परिणाम बोटांची छिद्रे कोठे पाडली आहेत यावरही अवलंबून असतो. त्यामुळे छिद्रे पाडणाऱ्या तंत्रज्ञाने खेळाडूची फेक प्रत्यक्ष पाहिलेली असणे हिताचे.

खेळाडूची शैली आणि वजन

एकच चेंडू सर्वांना सारखा लाभत नाही. वेगाने आणि कमी फिरकीने टाकणाऱ्याला अधिक पकडीचा चेंडू हवा. संथ गतीने भरपूर फिरकी देणाऱ्याला मध्यम पकडही पुरते. त्याने अतिशय खरखरीत चेंडू वापरल्यास ऊर्जा आधीच खर्ची पडते आणि पिनांवरचा आघात क्षीण होतो. नियमानुसार चेंडूचे वजन जास्तीत जास्त १६ पौंड, म्हणजे सुमारे ७.२६ किलोग्रॅम असू शकते. मात्र मनगटाला आणि खांद्याला पेलेल तेच वजन योग्य; केवळ तेल जास्त आहे म्हणून वजन वाढवण्यात अर्थ नाही.

खरेदीपूर्वी

भारतात या खेळाचे नियमन टेनपिन बॉलिंग फेडरेशन (इंडिया) करते. स्पर्धात्मक दर्जाचे चेंडू प्रामुख्याने परदेशातून येत असल्याने ते महाग पडतात आणि अनेक नवोदितांकडे एक किंवा दोनच चेंडू असतात. अशा वेळी चुकीची निवड संपूर्ण हंगामभर जाचते.

म्हणूनच चेंडू वळत नसेल, तर दोष खरोखर तेलाचा आहे का, हे आधी तपासावे. जुन्या रिअॅक्टिव्ह चेंडूची छिद्रे शोषलेल्या तेलाने भरलेली असू शकतात किंवा त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत झालेला असू शकतो. चेंडू आतून स्वच्छ करून १००० क्रमांकाच्या पॅडने घासल्यास त्याची पकड बऱ्याच प्रमाणात परत येते. या कामाचा खर्च नव्या चेंडूच्या किमतीपुढे नगण्य असतो. प्रत्येक फेकीनंतर कोरड्या कापडाने तेल पुसणे आणि खेळ संपताच चेंडू स्वच्छ करणे, एवढ्या सवयीनेही त्याचे आयुष्य वाढते.

भारी तेलाचा चेंडू सर्व परिस्थितींत चालतो, हाही गैरसमज आहे. रिअॅक्टिव्ह चेंडू लेनवरील तेल शोषून घेत असल्याने काही खेळांनंतर तेच तेल विरळ होते. सकाळी पॉकेटमध्ये अचूक शिरणारा चेंडू दुपारी फार लवकर वळून पिनांच्या पलीकडे जाऊ लागतो. त्या वेळी उभे राहण्याची जागा बदलणे किंवा कमी पकडीचा चेंडू हाती घेणे, हेच दोन मार्ग उरतात. त्यामुळे पहिला चेंडू मध्यम तेलासाठी घ्यावा आणि खरखरीत सॉलिड चेंडू दुसरा म्हणून जोडावा, हा क्रम नवोदितांसाठी अधिक व्यवहार्य ठरतो.