फेसाळ पेशी आणि तिचे अर्थ

‘रक्तपिती’ हा कुष्ठरोगासाठी मराठीत रूढ असलेला जुना शब्द होय. रोगाचे मूळ रुग्णाच्याच रक्तात शोधण्याची प्रवृत्ती त्यात दिसते. मात्र ती केवळ भारतीय नाही. नॉर्वेतील बेर्गेन येथील डॅनिएलसेन आणि बोक यांनी १८४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा रोग आनुवंशिक मानला होता. त्याच शहरात डॅनिएलसेन यांचेच जावई हान्सेन यांनी १८७३ मध्ये रुग्णांच्या गाठींत दंडाकार जंतू पाहिले, आणि रोगाचे कर्तृत्व शरीराबाहेरून आलेल्या जिवाकडे गेले.

तत्पूर्वी, १८६०च्या दशकात, फिरखो यांनी या गाठींतील पोकळ्यांनी भरलेल्या मोठ्या पेशींचे वर्णन केले होते. त्यांनाच पुढे ‘फेसाळ पेशी’ म्हटले गेले. त्या फेसातील चरबी कोणाची? जंतूचे कवच स्निग्ध द्रव्यांनी समृद्ध असल्याने ती प्रामुख्याने जंतूची, असे उत्तर दीर्घकाळ पुरेसे वाटले. ते निराधार नव्हते. पण संशय एकदा परक्यावर स्थिरावला की घरच्यांची झडती कोण घेणार?

दरम्यान चरबीचाच अर्थ पालटला होता. पेशीच्या आवरणातील मेदाम्लांपासून प्रोस्टाग्लँडिन व ल्युकोट्राइन हे दाहाचे नियमन करणारे संदेशवाहक घडतात, हे उलगडणाऱ्या संशोधनासाठी बेर्गस्ट्रोम, सॅम्युएलसन आणि व्हेन यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे चरबी हा केवळ साठा नव्हे, ती भाषाही ठरली. २०१० मध्ये रिओ दि जानेरो येथील संशोधकांनी दाखविले की, कुष्ठजंतूच्या संसर्गाने पेशीत जमणारे मेदबिंदू हे प्रोस्टाग्लँडिन ई-२ च्या निर्मितीशी निगडित आहेत. हा संदेश भक्षक पेशींची जंतुनाशक प्रतिक्रिया मंदावतो. जंतूला घर मिळते ते असे.

कुष्ठरोगाच्या दोन टोकांतील अंतरही येथे अर्थपूर्ण होते. एका टोकाला, म्हणजे ट्यूबरक्युलॉइड प्रकारात, प्रतिकार तीव्र आणि जंतू विरळ. दुसऱ्या, लेप्रोमॅटस टोकाला प्रतिकार क्षीण आणि फेसाळ पेशी जंतूंनी गच्च. लॉस एंजलिस येथील २००८ च्या अभ्यासात या दुसऱ्या टोकाच्या व्रणांत रुग्णाच्याच शरीरातील ऑक्सिडीकृत फॉस्फोलिपिडे साचलेली आढळली, आणि ती जन्मजात प्रतिकारशक्तीला दाबतात, हेही दिसले. निरोगी व्यक्तींच्या रक्तातील एचडीएलने प्रयोगात हा दाब हटविला. लेप्रोमॅटस रुग्णांच्या रक्तातील एचडीएलला ते साधले नाही.