ज्युनिअरच्या जागेवर

गेल्या महिन्यात ऑफिसात माझ्यापेक्षा चार वर्षांनी ज्युनिअर असलेला मित्र माझा मॅनेजर झाला. पार्टीत टाळ्या वाजवल्या खऱ्या, पण शनिवारी सकाळी चहा पिताना डोक्यात तेच! मग न्यायमूर्ती रानडे आठवले.

माधवराव मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक, १८६२ सालचे. गंमत म्हणजे मुंबई हायकोर्टही त्याच वर्षी सुरू झालं. १८६१ च्या कायद्याप्रमाणे तिथले निदान एक तृतीयांश न्यायाधीश बॅरिस्टर आणि निदान एक तृतीयांश सिव्हिल सर्व्हिसवाले असणं सक्तीचं होतं. बाकीच्यांना उरल्यासुरल्या जागा. त्यासाठी दहा वर्षं हायकोर्टात वकिली हवी, नाहीतर पाच वर्षं खालच्या कोर्टात ठरावीक दर्जाची न्यायाधीशी.

रानडे १८७१ साली पुण्यात सबजज्ज झाले. पाच वर्षं कधीच उलटली, पण हायकोर्ट काही येईना. उलट १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या धामधुमीत, त्यांची धुळ्याला बदली झाली. तिथे त्यांची पत्रं फोडली जात, असं रमाबाईंनी आठवणींत लिहून ठेवलंय. पगार सरकारचा, संशयही सरकारचाच!

काशिनाथ त्र्यंबक तेलंग त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. पण ते वकिलीच्या वाटेने १८८९ मध्ये थेट हायकोर्टात पोचले, आणि तेही काँग्रेसच्या कामात उघड पुढे असताना. मला वाटतं, नोकरीतल्या माणसाचा संशय सरकारला जास्त येत असावा.

रानडे मात्र वाट बघत बसले नाहीत. शेतकऱ्यांच्या कर्जांबद्दलच्या कायद्याचे स्पेशल जज्ज म्हणून पुणे, सातारा, नगर, सोलापूर या जिल्ह्यांत दौरे चालूच होते. १८८७ मध्ये सामाजिक परिषद, १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद. आज आपण रानड्यांचं जे नाव घेतो, त्यातलं पुष्कळसं काम या 'रखडलेल्या' वर्षांतलं आहे.

१ सप्टेंबर १८९३ ला तेलंग गेले, अवघ्या ४३ व्या वर्षी. त्यांच्या रिकाम्या जागेवर रानड्यांची नेमणूक झाली. वय ५१. बावीस वर्षांनी खुर्ची मिळाली, ती अशी. तिच्यावर पहिल्या दिवशी बसताना कसं वाटलं असेल?

असो. सोमवारी मॅनेजरसाहेबांना चहाला घेऊन जाणार आहे. पार्टीत नीट अभिनंदन करायचं राहूनच गेलंय.