अंगणवाडी : भावनगर, बोर्डी, कोसबाड आणि आपली वस्ती

महाराजा सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये साऱ्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, हे आपल्या सभासदांच्या घरी नव्याने सांगायला नको. हा कायदा सात वर्षांपुढील मुलांसाठी होता. त्याआधीच्या वर्षांत, विशेषतः आईवडील दोघेही मजुरीला जात असतील तर, मुलाने काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर एका गुजराती वकिलाने आणि दोन मराठी बाईंनी शोधले.

गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. मुले त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई म्हणत. राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयात प्राचार्य असलेल्या ताराबाई मोडक ती नोकरी सोडून १९२३ मध्ये त्यांच्याबरोबर कामाला आल्या. दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. माँटेसरी पद्धत त्यांना पटली होती, पण तिची साधने महाग होती आणि गाणी-गोष्टी परक्या. त्यांनी त्या जागी आपल्याकडची गाणी, नाच, गोष्टी आणि खेळ आणले. तरीही बालमंदिर शहरातल्या बऱ्या स्थितीतील घरांपुरतेच राहात होते.

१९४५ मध्ये ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्याच वर्षी तेथे आल्या. (वडोदऱ्याहून मुंबईला जाताना उंबरगावनंतर घोलवड स्टेशन लागते, तेथून बोर्डी जवळच आहे.) बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुले येईनात. थोरल्या बहिणीला धाकटे भावंड सांभाळायचे, आईला पहाटे कामावर जायचे. तीन वर्षांच्या मुलाला आंघोळ घालून वेळेवर पोचवणार कोण? तेव्हा ताराबाईंनी हिशेब उलटा मांडला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे. अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पना तेथली. शिंपले, चिंचोके, खडे, पाने, बिया हीच साधने. त्यांवर मोजणे, निवडणे, रांगेत लावणे, आकार ओळखणे सगळे होते, आणि खर्च जवळपास शून्य.

१९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका ठिकाणी आणून 'विकासवाडी' केली. भावंड पाळणाघरात राहिल्यामुळे थोरली मुलगी वर्गात बसू शकली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, हे काम पाहिले.

सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. गुजरातमधला पहिला प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात तेव्हा असलेल्या छोटा उदेपूरचा. योजनेत सहा सेवा आहेत : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पुढील उपचारासाठी पाठवणी, पोषण व आरोग्याची माहिती, आणि शाळापूर्व शिक्षण. माझ्या मते यातली शेवटची सर्वात आधी मागे पडते. आहाराचा आणि वजनाचा हिशेब रजिस्टरात लिहावा लागतो, गोष्ट सांगितल्याचा लागत नाही. महाराष्ट्रात अंगणवाडीतील मदतनीस म्हणतात तिला गुजरातेत 'तेडागर' म्हणतात, म्हणजे मुलांना घरून घेऊन येणारी. बोर्डीचा सगळा अनुभव या एका शब्दात आहे.

आता आपल्या घरापाशी येऊ. आपल्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाई, सोसायटीचे चौकीदार, बांधकामावरचे मजूर यांना आपण जुन्या वह्या-पुस्तके देतो, तीही मूल पाचवी-सहावीत गेल्यावर. खरी गरज त्याआधीची असते. गुजरातमध्ये २०२३ पासून १ जूनला सहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाच पहिलीत प्रवेश आहे, आणि पाच पूर्ण झालेल्यांसाठी सरकारी प्राथमिक शाळांत बालवाटिका हा वर्ग आहे. तीन ते पाच वयासाठी अंगणवाडी. खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांवरचा मोफत प्रवेश येथे पहिलीपासून मिळतो, त्याआधीच्या नर्सरी-केजीची फी त्यात बसत नाही. या समजुतीत अनेक पालक फसतात. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे. तरी दाखला काढून ठेवलेला बरा. तो अर्ज भरून देणे हे आपल्यापैकी कोणालाही जमेल.

भाषेचे एक सांगायला हवे. खानदेशातून आलेल्या घरात अहिराणी, छोटा उदेपूरकडच्या घरात राठवी, आणि अंगणवाडीत गुजराती. मूल गप्प बसते ते मंद म्हणून नव्हे. आईने घरात आपल्याच बोलीत भरपूर बोलावे, गाणी म्हणावीत. गुजराती त्यावर चढते. अक्षरे न येणाऱ्या आईलाही चित्रांचे पुस्तक पुढे धरून 'हे काय, मग पुढे काय झाले' असे विचारता येते. तीन वर्षांच्या मुलाकडून पाटीवर क-ख गिरवून घेण्याची घाई मात्र कोणी करू नये, आपल्या नातवंडांबाबतही नाही. त्या वयात बोटांना माती मळणे आणि मणी ओवणे जास्त उपयोगाचे.

पुस्तके द्यायची तर जाड पुठ्ठ्याची, मोठ्या चित्रांची आणि थोड्या शब्दांची द्यावीत, आणि ती गुजरातीतही असावीत. अंगणवाडीला द्यायची असल्यास आधी तेथील कार्यकर्तीला विचारावे. ती कपाटात कुलूपबंद राहणार नाहीत ना, हेही महिन्याभराने जाऊन पाहावे.