बाळासाठी चौकडीचे दुपटे

घरात पाळणा हलणार अशी चाहूल लागली, की आजीने ट्रंकेतली जुनी लुगडी बाहेर काढावी आणि दुपारच्या निवांत वेळी दुपटी शिवायला बसावे, हे महाराष्ट्रातील असंख्य घरांतले परिचित दृश्य होते. बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवे कापड लावायचे नाही, अशी चालही अनेक कुटुंबांत होती. त्यामागे रूढीइतकाच व्यवहारही होता. शेकडो धुण्यांनी खळ निघून गेलेले सुती कापड नवजात बाळाच्या त्वचेला जितके मानवते, तितके दुकानातले कोरे कापड मानवत नाही.

जुन्या कापडाला असे नवे आयुष्य देण्याची रीत देशभर आढळते. महाराष्ट्रातील गोधडी आणि वाकळ, बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, उत्तर कर्नाटकातील सिद्दी समाजाची कवदी ही सारी एकाच कुळातली. तुकडे जोडून वस्त्र करण्याची परंपरा तर फारच जुनी आहे. मगधातील बांधांनी आखलेली भातशेते पाहून भिक्षूंची चिवरे तशाच आकारात शिवावीत, असे बुद्धांनी आनंदाला सुचविल्याची कथा विनयपिटकात येते. तुकड्यांच्या चौकडीचे दुपटे हा याच परंपरेचा घरगुती आणि नवशिक्यालाही जमण्याजोगा प्रकार आहे.

नक्षीमागचे गणित

चौकडीचे कापड मागावर विणले जाते, तेव्हा उभ्या ताण्यात आणि आडव्या बाण्यात रंगीत व पांढऱ्या धाग्यांचे पट्टे आलटून पालटून येतात. रंगीतावर रंगीत पट्टा आला, की गडद चौकोन उमटतो. पांढऱ्यावर पांढरा आला, की पांढरा राहतो आणि रंगीत व पांढरा एकमेकांना छेदतात तिथे मध्यम छटा दिसते. तुकडे जोडून हाच आभास निर्माण करायचा, तर एकाच रंगाच्या तीन छटा पुरेशा होतात. गडद निळा, फिकट निळा आणि पांढरा हे त्याचे साधे उदाहरण.

सुमारे ३६ इंच लांबी-रुंदीच्या दुपट्यासाठी ९ ओळींत प्रत्येकी ९, असे ८१ चौकोन लागतात. त्यांत गडद २५, मध्यम ४० आणि पांढरे १६. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या ओळीत गडद व मध्यम तुकडे एकाआड एक ठेवावेत. उरलेल्या चार ओळींत मध्यम व पांढरे येतील. प्रत्येक ओळीचा आरंभ आणि शेवट मात्र सारख्याच छटेने व्हावा. सर्व तुकडे जमिनीवर मांडून डोळे किंचित मिटून पाहावे. चौकडी स्पष्ट दिसली नाही, तर दोष बहुधा मध्यम छटेचा असतो. ती गडद आणि पांढऱ्याच्या बरोबर मधोमध हवी.

कापडाची पारख

शंभर टक्के सुती कापडच घ्यावे. सुती लुगडी, धोतरे, पंचे, मलमलीच्या ओढण्या, वापरून मऊ झालेले सदरे यासाठी उत्तम. कापड उजेडासमोर धरून पाहावे आणि हलकेच ताणावे. विरलेला भाग तेवढा वगळावा. हल्ली कपाटांत कृत्रिम धाग्याच्या साड्या अधिक असल्याने नवे कापड आणण्याची वेळ येते. तसे झाल्यास ते आधी दोन-तीनदा धुऊन घ्यावे. खळ निघते आणि आटायचे तेवढे आटते. सुमारे ४५ इंच पन्ह्याच्या कापडातून काठ सोडून एका पट्टीत ९ चौकोन निघतात. त्या हिशेबाने गडद कापड अर्धा मीटर, मध्यम पाऊण मीटर आणि पांढरे पाव मीटरहून थोडे अधिक लागेल.

रंगाची परीक्षाही आवश्यक आहे. ओला पांढरा रुमाल कापडावर घासावा. रंग लागला, तर ते कापड बाजूला ठेवावे, कारण बाळ दुपटे तोंडात घालणारच. जर, टिकल्या, बटणे, लेस यांना इथे स्थान नाही.

कापणे आणि जोडणे

पुठ्ठ्याचा साडेचार इंची चौकोन करून त्यावरून तुकडे कापावेत. कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याशी पुठ्ठ्याची कड समांतर असावी. तिरपा कापलेला तुकडा शिवताना ताणला जातो. शिवणीसाठी प्रत्येक बाजूस पाव इंच, म्हणजे दोन सूत जागा सोडली, की चौकोन चार इंचांचा उरतो. हे माप काटेकोर पाळावे. प्रत्येक तुकड्याच्या कडेला अर्ध्या सुताची चूक झाली, तरी आठ शिवणींच्या एका ओळीत पुरा एक इंच फरक पडतो आणि ओळी एकमेकींशी जुळत नाहीत.

आधी आडव्या नऊ ओळी शिवून घ्याव्यात. इस्त्री करताना पहिल्या ओळीच्या शिवणी उजवीकडे, दुसरीच्या डावीकडे अशा वळवाव्यात. ओळी जोडताना त्या एकमेकींत नीट बसतात आणि चौकोनांचे कोपरे जुळतात.

यानंतर अस्तर. ते चारही बाजूंनी दीड इंच मोठे असावे. अस्तर उलटे अंथरून त्यावर जुन्या मऊ लुगड्याचा एक थर द्यावा, वर चौकडी पसरावी. महाराष्ट्राच्या हवामानात कापूस भरण्याची गरज नाही. तिन्ही थर मोठ्या कच्च्या टाक्यांनी बांधून मग बारीक धावदोरा घालावा. कडेपासून आत मध्यापर्यंत फिरत जाणारे गोधडीचे टाके घालता येतात किंवा चौकोनांच्या शिवणीलगत सरळ रेषाही चालतात. दोऱ्याच्या गाठी थरांच्या आत दडवाव्यात. शेवटी अस्तराचे वाढीव कापड पुढे दुमडून किनार शिवावी आणि कच्चे टाके उसवावेत.

सुरक्षितता महत्त्वाची

काम सुरू करताना टाचण्या आणि सुया मोजाव्यात व संपल्यावर पुन्हा मोजाव्यात. सुटलेला दोरा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेल्यास रक्तपुरवठा थांबू शकतो. म्हणून प्रत्येक धुण्यानंतर दुपट्याच्या दोन्ही बाजू तपासाव्यात.

दुपटे कितीही प्रेमाने शिवलेले असले, तरी पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाच्या अंगावर ते मोकळे पांघरू नये किंवा बिछान्यात ठेवू नये. ‘अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स’ या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार बाळाला कडक, सपाट पृष्ठभागावर पाठीवर झोपवावे आणि जवळ उशी, गोधडी वा सैल पांघरूण नसावे. नाक-तोंड झाकले जाऊन गुदमरण्याचा धोका असतो. दुपट्यात बाळाला पाय सरळ ताणून घट्ट बांधण्याची जुनी सवयही सोडणे हिताचे. पाय गुडघ्यात वाकवून बाजूला फाकवता आले नाहीत, तर खुब्याच्या सांध्याची वाढ बिघडू शकते.

जागे बाळ खेळवायला, मांडीवर घ्यायला, उन्हात तेल लावताना खाली अंथरायला हे दुपटे उत्तम. बाळ मोठे झाल्यावर ते पांघरूण म्हणून उपयोगी पडेल. तोवर त्यातला एखादा चौकोन विरलाच, तर त्यावर दुसरा तुकडा लावता येतो. घरात तेवढे एखादे जुने लुगडे मात्र राखून ठेवायला हवे.