गृहसचिवांची सही

1885 साली इंग्रजांनी तारेचा कायदा केला, तेव्हा मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. कायद्याच्या डोळ्यांसमोर होती ती तार. अठराशे सत्तावनात तारयंत्राने राज्य सांभाळायला केवढी मदत केली हे इंग्रज विसरले नव्हते, आणि तीच तार उद्या दुसऱ्या कुणाच्या कामी येऊ शकते हेही त्यांना कळत होतं. म्हणून कलम 5 आलं: सार्वजनिक आणीबाणी उद्भवली किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी गरज पडली, तर सरकारने तारा ताब्यात घ्याव्यात, संदेश अडवावेत, वाचावेत. आणीबाणी खरोखर आहे का, अशी शंका कुणी काढलीच तर सरकारचा दाखला हाच अंतिम पुरावा. पुढे फोन आला, मोबाइल आला, आणि याच कलमाच्या आधारे तेही ऐकले गेले. टॅपिंगच्या बहुतेक सरकारी आदेशांचं मूळ या कलमात होतं.

स्वातंत्र्यानंतर कलम तसंच राहिलं. राज्यघटनेत खासगीपणा हा शब्द नव्हता, आणि 1962 च्या खरक सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने तसा मूलभूत हक्क नाही असंच म्हटलं. 1972 साली संसदेने कलमाची डागडुजी केली. दाखल्याचं ते उर्मट वाक्य गेलं. देशाची एकात्मता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याला चिथावणी रोखणं अशी कारणं आली आणि ती लेखी नोंदवण्याची अट आली. मात्र आणीबाणी किंवा सुरक्षितता हा उंबरठा ओलांडल्याशिवाय या कारणांपर्यंत पोचायचं नाही, अशी रचना कायम राहिली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. शहराचे कोरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी, मलकानी यांच्यावर एका डॉक्टरकडून लाच मागितल्याचा आरोप होता. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दगावला होता, आणि अहवाल सौम्य लिहिण्याचा भाव आधी 20,000 रुपये, मग 10,000. पोलिसांनी मध्यस्थ डॉक्टरच्या संमतीने त्याच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडला. एका बोलणाऱ्याची संमती असल्यामुळे हे तारकायद्याचं उल्लंघन नाही, असं न्यायालय म्हणालं. इथवर ठीक. पण जाता जाता न्यायालयाने असंही म्हटलं, की टेलिफोनवरच्या संभाषणाला न्यायालयाचं संरक्षण मिळेल ते निरपराध नागरिकाला, अपराध्याला नव्हे. अपराधी कोण हे ऐकल्याशिवाय कळत नाही, आणि ऐकून झाल्यावर संरक्षण कशाचं करायचं? मलकानी खटल्यातलं ते वाक्य पुढे वर्षानुवर्षं सरकारी वकिलांच्या कामी आलं.

याच्या उलट दिशेचा निकाल आला तो डिसेंबर 1975 मध्ये, म्हणजे देशात खरोखरची आणीबाणी चालू असताना. दिल्लीतल्या काही व्यापाऱ्यांचे फोन सट्ट्याच्या संशयावरून तोडले होते. आणीबाणी आहे असं स्वतःचं समाधान अधिकाऱ्याने नोंदवायलाच हवं होतं, ते नोंदवलेलं नाही, आणि नुसती आर्थिक आणीबाणी या कलमाला पुरत नाही, असं म्हणून न्यायालयाने तो आदेश रद्द केला. अटकेविरुद्ध दाद मागण्याचा हक्क नाकारणाऱ्या हेबिअस कॉर्पसच्या निकालासाठी बदनाम झालेल्या त्या काळात सटोडियांना फोन परत मिळाले, हे मला नेहमीच गमतीचं वाटतं.

राजकारण्यांचे फोन ऐकले जाण्यावरून 1988 मध्ये मोठा गदारोळ झाला. फोन टॅपिंगच्या वादात कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना पद सोडावं लागलं. मग सीबीआयचा एक अहवाल ‘मेनस्ट्रीम’ साप्ताहिकात छापून आला आणि त्यावरून पीयूसीएल या संघटनेने 1991 साली याचिका केली. मागणी साधी होती: ऐकण्याआधी न्यायाधीशाची परवानगी घ्या. 18 डिसेंबर 1996 च्या निकालात टेलिफोनवरचं बोलणं हा खासगीपणाचा भाग आहे आणि घटनेचं कलम 21 त्याला लागू आहे, हे न्यायालयाने मान्य केलं. आणीबाणी आणि सुरक्षितता या गुप्त गोष्टी नसतात, शहाण्या माणसाला त्या दिसायला हव्यात, असंही सांगितलं. मागणी तेवढी नाकारली. त्याऐवजी नियमावली आली: आदेश गृहसचिवांचा, मुदत दोन महिने, वाढवून जास्तीत जास्त सहा, आणि तपासणीला सचिवांचीच समिती. केंद्रात कॅबिनेट सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव. म्हणजे एका सचिवाने केलेली सही बरोबर आहे का, हे दुसऱ्या सचिवांनी पाहायचं. खासगीपणाचा हक्क नागरिकाला दिला आणि लेखणी मात्र सरकारच्याच हाती राहू दिली, हे त्या गाजलेल्या निकालाचं खरं स्वरूप.

ही तपासणी समिती काय करू शकते हे पुढे न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या डेटा संरक्षणावरच्या समितीने 2018 च्या अहवालात दाखवलं. माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार एकटं केंद्र सरकार महिन्याला 7,500 ते 9,000 आदेश काढत होतं. तपासणी समितीची बैठक दोन महिन्यांतून एकदा. म्हणजे एका बैठकीत 15,000 ते 18,000 कागद.

महाराष्ट्राने 1999 मध्ये मोक्का हा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा आणला तेव्हा त्यात फोन ऐकण्याची स्वतंत्र तरतूद केली. संदेश अडवणं हा केंद्राचा विषय आहे, असं म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने 2003 मध्ये ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये ती परत आणली: संघटित गुन्हेगारी हा सुव्यवस्थेचा प्रश्न, आणि सुव्यवस्था राज्याची.

2017 च्या पुट्टास्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं ठरवलं आणि तो वाद संपला. त्याचा फोनवर काय परिणाम झाला, ते 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयातच दिसलं. बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याच्या सीबीआयच्या एका प्रकरणात 2009-10 मधले तीन टॅपिंग आदेश न्यायालयाने रद्द केले. लाचेचा तपास म्हणजे सार्वजनिक सुरक्षितता नव्हे, असं सांगून ध्वनिमुद्रणं नष्ट करायला लावली. कोरोनरच्या खटल्यापासून इथपर्यंत 47 वर्षं गेली होती.

2023 च्या नव्या दूरसंचार कायद्यात तोच जुना उंबरठा आला, आणि 6 डिसेंबर 2024 च्या नियमांतही सही गृहसचिवांचीच. जून 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मोठ्या रकमेचा भ्रष्टाचार सार्वजनिक सुरक्षिततेत बसवला. काही दिवसांतच मद्रास उच्च न्यायालयाने लाचेच्याच प्रकरणात उलट निकाल दिला.

कोरोनर, सटोडिये, लाचेचे आरोपी. पीयूसीएलची याचिका सोडली, तर या शाखेतला कायदा बहुतांशी अशाच लोकांच्या खटल्यांतून घडला. कारण फोन ऐकला गेला हे बहुतेकदा तपासयंत्रणेचा पुरावा समोर आल्यावर कळतं. ज्याच्या बोलण्यात काहीच सापडलं नाही, त्याला ते कळवण्याची तरतूद 1885 च्या कायद्यात नव्हती आणि आजच्या नियमांतही नाही. आदेशाची मुदत संपते, नोंदी ठरल्या काळात नष्ट होतात, आणि न्यायालयात जायला त्याच्या हातात कागदच नसतो.