फोनमधून घरचा फोल्डर: दोन मशिनच्या बोलीची गोष्ट

आज ज्या गोष्टीचा इतिहास सांगणार आहे, ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी फोनवर एकदा तरी करून बघितली असेल आणि त्यातल्या निम्म्यांनी वैतागून सोडून दिली असेल. घरच्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर शेअर केलाय. त्यात ताईच्या लग्नाचा व्हिडिओ, आजोबांचे स्कॅन केलेले फोटो, जमवलेले सिनेमे. फोन आणि कॉम्प्युटर एकाच वायफायवर, दोघांमध्ये अंतर दहा फूट. तरी ती फाइल फोनवर हवी म्हटलं की आपण काय करतो? ड्राइव्हवर चढवतो, नाहीतर व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवतो. म्हणजे फाइल आधी कुठल्यातरी डेटा सेंटरची वारी करणार आणि मग शेजारच्या खोलीत पोचणार.

तिथल्या तिथे का जात नाही? जाते की. तीसेक वर्षांपासून जातेय. फक्त फोन या पंगतीला फार उशिरा आला, आणि आला तोही मागच्या दारानं. ते मागचं दार किती महागात पडलं असतं, हे आपण बघणारच आहोत.

आधी थोडं तांत्रिक, फार नाही. विंडोजचा शेअर केलेला फोल्डर ज्या नियमांनी उघडतो त्यांचं नाव एसएमबी, म्हणजे सर्व्हर मेसेज ब्लॉक. तुमच्या फोननं कॉम्प्युटरच्या ४४५ नंबरच्या पोर्टवर कडी वाजवली की पहिला निरोप फाइलबद्दल नसतोच. फोन म्हणतो, मला अमुक अमुक बोली येतात, तुला यातली कुठली जमेल? कॉम्प्युटर त्यातली एक निवडतो. मग नाव-पासवर्ड, मग फोल्डर, मग फाइल. 'बोली' हा शब्द मी गोष्ट रंगवायला वापरत नाहीये बरं का, तांत्रिक कागदपत्रांतही 'डायलेक्ट' असाच शब्द आहे. या बोली कोणी घडवल्या, कोणी लपवल्या, कोणी नुसतं ऐकून शिकल्या, आणि कुठली बोली मरायला हवी असताना आपल्या फोननी जिवंत ठेवली, हीच आजची गोष्ट.

पहिली बोली आयबीएममध्ये जन्मली, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. बॅरी फायगनबाऊम या इंजिनिअरनं ती बांधली. त्यानं तिला आधी स्वतःच्या आद्याक्षरांवरून 'बीएएफ' असं नाव दिलं होतं, बाहेर पडायच्या आधी ते बदलून एसएमबी झालं. (एवढा मोह आपल्यालाही होतोच, फंक्शनची नावं बघा आपली.) मायक्रोसॉफ्टनं ही बोली उचलली, लॅन मॅनेजरमध्ये वाढवली आणि ऑक्टोबर १९९२मध्ये विंडोज फॉर वर्कग्रुप्स आणून छोट्या ऑफिसांपर्यंत नेली. आता कुठलाही विंडोज पीसी दुसऱ्या पीसीला फोल्डर देऊ शकत होता. विंडोज पीसी, हे महत्त्वाचं. युनिक्सवाल्यांसाठी दार बंद.

आणि इथे गोष्ट जाते कॅनबेराला.

डिसेंबर १९९१. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल नावाचा विद्यार्थी पीएचडी करत होता. त्याच्या डॉसच्या पीसीवरून तो विद्यापीठातल्या सन कंपनीच्या मशिनवरच्या फाइल्स वापरायचा, सगळं सुरळीत चालू होतं. मग डिजिटल कंपनीचं एक नवीन सॉफ्टवेअर तपासायला आलं. ते चालायला त्याच कंपनीचं पाथवर्क्स नावाचं नेटवर्क लागायचं, आणि पाथवर्क्स घातलं की सनच्या मशिनवरच्या फाइल्स गेल्या. कारण पाथवर्क्सचा सर्व्हर फक्त डिजिटलच्याच मशिनवर चालणारा. एक हवं तर दुसरं सोडा.

ट्रिजेलला वाटलं, ही दोन मशिन आपसांत जे बोलतात ते इतकं अवघड नसेल, आपणच शोधून काढू. त्याआधी त्यानं आयुष्यात नेटवर्कचा एकही प्रोग्रॅम लिहिला नव्हता. सॉकेट म्हणजे काय हेही माहीत नव्हतं, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. त्यानं दोन मशिनच्या मधे बसून जाणारा-येणारा प्रत्येक निरोप टिपायला सुरुवात केली. जानेवारी १९९२च्या पहिल्या पंधरवड्यातच त्याच्या सर्व्हरच्या तीन आवृत्त्या बाहेर पडल्या होत्या.

पुढे ही पद्धत समजावताना ट्रिजेलनं फ्रेंच कॅफेचं उदाहरण दिलं. समजा तुम्हाला फ्रेंच शिकायचंय, पण व्याकरण नाही, शब्दकोश नाही, शिकवणीही नाही. मग कॅफेत जाऊन बसा आणि कान उघडे ठेवा. कोणी काही म्हटलं की वेटर काय आणून ठेवतो ते बघा. थोड्या दिवसांनी स्वतः काहीतरी मागून बघा, चुकीचं मागितलं तर वेटरचा चेहरा कसा होतो तेही टिपून ठेवा. वेटरच्या डोक्यात शिरायची गरज नाही, त्याची वही पळवायचीही गरज नाही. मला ही उपमा फार आवडते, कारण यात चोरी कुठेच नाही. मायक्रोसॉफ्टच्या कोडची एक ओळही न बघता, नुसतं तारेवरचं बोलणं ऐकून ही बोली शिकली गेली.

मग जवळजवळ दोन वर्षं त्यानं हे काम बाजूला ठेवलं. परत हातात घ्यायचं कारण अगदी घरगुती. घरी त्याच्या मशिनवर लिनक्स आणि बायकोच्या पीसीवर विंडोज, या दोघांना जोडायचं होतं. त्यानं आपला जुना सर्व्हर लावून बघितला आणि तो चालला. पाथवर्क्स आणि मायक्रोसॉफ्टचं लॅन मॅनेजर आतून एकच बोली बोलत होते! डिसेंबर १९९३मध्ये नवी आवृत्ती आली, मोफत आणि खुल्या परवान्याखाली. म्हणजे घरातल्या घरात दोन वेगळ्या जातकुळीच्या मशिननी फाइल वाटून घ्यायची, हा आपला आजचा विषय तेव्हाच सुरू झाला.

नावाचा किस्सा सांगायलाच हवा. 'एसएमबी सर्व्हर' हे नाव एका कंपनीचं ट्रेडमार्क निघालं, तिचं पत्र आलं. मग ट्रिजेलनं युनिक्सच्या शब्दकोशात ग्रेप चालवलं: एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमानं असलेले शब्द दे. यादीत एका रानटी बेरीचं नाव निघालं, लाकडाशी संबंधित एक शब्द निघाला, आणि निघाला 'सांबा'. ब्राझिलच्या नाचाचा, शोलेवाला नाही.

सांबामुळे लिनक्सचं कुठलंही मशिन विंडोजसमोर विंडोज म्हणून उभं राहू लागलं. आज बाजारात घरासाठी जे नॅसचे डबे मिळतात, किंवा राउटरच्या यूएसबीला हार्ड डिस्क लावली की ती वायफायवर दिसते, त्यातल्या बहुतेकांच्या पोटात हेच सांबा असतं. पण प्रश्न एकच होता. कॅफेतला वेटर दर दोन-तीन वर्षांनी नवे शब्द वापरायचा. विंडोजची नवी आवृत्ती आली की सांबावाले पुन्हा कान लावून बसायचे.

ही गोष्ट शेवटी युरोपात कोर्टात गेली. सन कंपनीनं १९९८मध्ये युरोपियन कमिशनकडे तक्रार केली होती की मायक्रोसॉफ्ट ही बोली इतरांना सांगत नाही. २४ मार्च २००४ला कमिशननं निकाल दिला: ४९.७ कोटी युरोंचा दंड, शिवाय सर्व्हरच्या बोलीची माहिती स्पर्धकांना द्या. मायक्रोसॉफ्ट अपिलात गेलं. मधल्या काळात एकेक मोठी तक्रारदार कंपनी तडजोड करून बाजूला झाली. सननं केली, नॉव्हेलनंही केली. टिकून राहिले ते सांबाचे लोक आणि त्यांच्यासोबत फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोप. ज्यांना विकत घेण्यासारखी कंपनीच नव्हती, ते शेवटपर्यंत उभे राहिले, हे मला या सगळ्या खटल्यातलं सर्वात भारी वाटतं. १७ सप्टेंबर २००७ला लक्झेंबर्गच्या कोर्टानं अपील फेटाळलं. त्याच डिसेंबरात सांबासाठी करार झाला: एकदाच १०,००० युरो भरा आणि कागदपत्रं घ्या. सोळा वर्षं कान देऊन शिकलेल्या बोलीचं व्याकरण एकदाचं हातात आलं. २००८मध्ये मायक्रोसॉफ्टनं ही कागदपत्रं सगळ्यांसाठीच खुली केली.

तोवर बोलीही बदलली होती. विस्टाबरोबर एसएमबी दोन आली. जुन्या बोलीत शंभरावर आज्ञा साचल्या होत्या, त्या छाटून नव्या बोलीत फक्त १९ ठेवल्या. २०१२मध्ये विंडोज आठबरोबर तिसरी आली, तिच्यात निरोप कुलूपबंद करून पाठवायची सोय झाली. अॅपलनंही २०१३मध्ये मॅकवर स्वतःची बोली मागे ठेवून एसएमबी दोनला पहिलं पान दिलं.

आणि आपला फोन? खिशात असलेलं सगळ्यात नवीन मशिन सगळ्यात जुनी बोली बोलत होतं. अँड्रॉइडमध्ये ही सोय मुळात नव्हतीच, त्यामुळे फाइल मॅनेजर बनवणाऱ्यांनी जावासाठीची जेसिफ्स नावाची जुनी लायब्ररी उचलली. फुकट होती, चालत होती, पण तिला पहिलीच बोली येत होती. मी बीटेकला असताना हॉस्टेलच्या लॅनवर सिनेमे शेअर केलेले असायचे आणि ते फोनवर बघायला सगळे एकमेकांना एकच मंत्र द्यायचे: 'फोनवर दिसत नाहीये? विंडोजमध्ये एसएमबी वन चालू कर.' इंटरनेटवरही तेच सांगितलेलं. खुद्द गूगलनं जुलै २०१७मध्ये अँड्रॉइडसाठी सांबाचं अॅप काढलं, तर त्यालाही सुरुवातीला फक्त पहिलीच बोली येत होती.

जुलै २०१७. तारीख लक्षात ठेवा, कारण त्याच्या आधीचे तीन-चार महिने असे गेले होते.

मायक्रोसॉफ्टचाच नेड पाइल नावाचा माणूस सप्टेंबर २०१६पासून जाहीरपणे सांगत होता की एसएमबी वन वापरणं बंद करा. १४ मार्च २०१७ला त्यातल्या एका भोकावर ठिगळ आलं. १४ एप्रिलला शॅडो ब्रोकर्स नावाच्या टोळीनं अमेरिकेच्या एनएसएचं मानलं जाणारं एक हत्यार उघड्यावर टाकलं, नाव एटर्नलब्लू. ते नेमकं त्याच भोकातून शिरायचं. १२ मेला वॉनाक्राय सुटला. फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागायची, आणि पसरायला कोणाच्या क्लिकची गरजच नाही. ४४५ची कडी वाजवायची, जुनी बोली येते का बघायचं, आत. दीडशे देशांतली दोन लाखांहून जास्त मशिन अडकली. ब्रिटनच्या एनएचएसमध्ये रुग्णांच्या अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या.

पुढचा वार आपल्या दारात झाला. २७ जूनला नॉटपेट्या आला, त्याच्या हत्यारांमध्येही एटर्नलब्लू होतं. सुरुवात युक्रेनमध्ये, पण त्यात डेन्मार्कची मर्स्क कंपनी सापडली आणि मर्स्कच्या समूहाचं एक टर्मिनल आहे न्हावा शेवाला, जेएनपीटीमध्ये. तिथलं काम ठप्प झालं. उरणच्या खाडीकाठी कंटेनर अडकले, त्यामागे आयबीएमच्या जमान्यातल्या एका बोलीचाही हात होता.

फोनमुळे हे हल्ले झाले असं मी म्हणत नाहीये. भोक सर्व्हरच्या बाजूला होतं, ठिगळ न लावलेली मशिन लाखोंनी होती. पण ठिगळ लावणं वेगळं आणि दारच काढून टाकणं वेगळं. दार काढता येत नव्हतं, कारण कोणाचा तरी जुना प्रिंटर, कोणाचा नॅसचा डबा आणि कोणाचं फोनमधलं अॅप तिथूनच ये-जा करत होतं. नेड पाइलनं तर अशा उत्पादनांची जाहीर यादीच केली होती. ऑक्टोबर २०१७च्या विंडोज दहामध्ये मायक्रोसॉफ्टनं शेवटी एसएमबी वन आपोआप बसवणं थांबवलं. त्यानंतर अनेकांना वाटलं अॅप बिघडलं. अॅप तसंच होतं, कॉम्प्युटरनं फक्त त्याची बोली बोलायचं सोडलं होतं.

मग मात्र फोनवाले भराभर शिकले. अँड्रॉइडच्या चांगल्या फाइल मॅनेजरांत दुसरी-तिसरी बोली आली. सप्टेंबर २०१९मध्ये आयओएस १३ आलं आणि आयफोनच्या फाइल्स अॅपमध्येच 'सर्व्हरला जोडा' हा पर्याय आला.

आता तुमच्या घरचं. विंडोजमध्ये 'विंडोज फीचर्स' उघडा आणि 'एसएमबी १.०' नावाची ओळ शोधा. तिथे टिक असेल तर काढा. त्यानंतर फोनमधलं अॅप चालेनासं झालं तर अॅप बदला, टिक परत लावू नका. शेअर करताना 'एव्हरीवन'ला लिहायची परवानगी देऊ नका, पासवर्डवालं वेगळं खातं करा. आणि बाहेरून, म्हणजे ट्रेनमधून किंवा गावाहून घरची फाइल हवी असेल, तर राउटरवर ४४५ नंबर जगासाठी उघडायचा नाही, कोणीही कितीही सोपं करून सांगितलं तरी. तसंही बऱ्याच कनेक्शनवर ते जमत नाही. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७च्या दरम्यान सुरू होत असेल तर तो पत्ता कंपनीनं अनेक घरांमागे लपवलेला आहे, बाहेरून कडी वाजवायची सोयच नाही. त्यावर उपाय म्हणजे वायरगार्डसारखा बोगदा. फोन कुठेही असला तरी घरच्याच वायफायवर असल्यासारखा वागतो. तो बोगदा कसा खणायचा, तो जेसन डोननफेल्डनं कसा लिहिला आणि २०२०मध्ये लिनक्सच्या गाभ्यात कसा पोचला, ते पुढच्या भागात.